मराठ्यांचे शिडाच्या जहाजांचे डावपेच

शिडाच्या जहाजांच्या लढाईत तोफांइतकाच वारा निर्णायक असे. वारा ज्याच्या पाठीशी, त्याला चाल करण्याची वा टाळण्याची वेळ निवडता येई; वाऱ्याखाली सापडलेल्यास शिडे पालटीत नागमोडी वर चढावे लागे. शिडाच्या नौकांच्या शर्यतीतील डावपेचांचे मूळही हेच आहे. मराठ्यांनी वाऱ्याची ही स्पर्धा शक्यतो टाळली. वारा पडेल किंवा पाणी उथळ असेल तेथे झुंज द्यावयाची, हे त्यांचे धोरण होते.

त्यांच्या नौकांची बांधणी याला अनुरूप होती. गुराबाला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत आणि तिच्या नाळेवरील तोफा समोर मारा करीत. गलबत त्याहून लहान, सुमारे ७० टनांपर्यंतचे. त्याला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या पिछाडीस त्याच्या तोफा थोड्या असल्याने तेथूनच मारा होई व प्रथम डोलकाठ्यांवर नेम धरला जाई.

खांदेरीच्या लढ्यात (१६७९) या पद्धतीचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात. मायनाक भंडारी याने बेट ताब्यात घेतल्यावर इंग्रजांनी नाकेबंदी केली. पण रात्री लहान होड्या वल्ह्यांच्या बळावर रसद पोहोचवीत. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाचे आरमार इतक्या वेगाने चालून आले, की इंग्रजांना नांगर उचलण्यासही जेमतेम अवधी मिळाला. ‘डोव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. मात्र एकट्या ‘रिव्हेंज’ने तोफांच्या बळावर हल्ला परतविला. मराठे उथळ खाडीत शिरले. खोल बुडाच्या जहाजांना तेथे पाठलाग अशक्य होता. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली व खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. त्या दिवशीची चकमक कोणी जिंकली, हा वाद त्यामुळे गौण ठरतो.

सुवर्णदुर्गच्या मोहिमेत (१७५५) कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रे याच्या आरमाराचा पाठलाग केला. वारा मंद होता. आंग्र्यांच्या खलाशांनी जड सामान समुद्रात फेकले आणि शिडांखेरीज अंगावरची वस्त्रे, गोधड्या, पागोटीसुद्धा वाऱ्यावर ताणली. इंग्रज मागे पडले व जेम्स परतला.

पुढच्याच वर्षी हे आरमार विजयदुर्गच्या बंदरात दाटीने बांधून ठेवलेले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्याने एका जहाजास आग लागली, ती इतरांत पसरली आणि वाऱ्याचा वा वल्ह्यांचा उपयोग करण्यापूर्वीच सारे आरमार जळाले.