सोडलेले आणि परत घेतलेले
(1922च्या देवी चळवळीनंतरचे ताट)

9 नोव्हेंबर 1922 रोजी सुरत भागातील खानपूर गावाजवळ सुमारे दोन हजार आदिवासी जमले होते. सलाबाई नावाची देवी अंगात आलेली माणसे तिच्या आज्ञा सांगत होती. दारू आणि ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, पारशांशी व्यवहार ठेवू नका. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये देवीच्या रोगाच्या शांतीसाठी सुरू झालेली ही लाट वर्षभराच्या आत डोंगर ओलांडून आली. धरमपूर, वांसदा, सुरगाणा करत ती पश्चिम खानदेशाच्या सीमेवर, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उंबरठ्यावर पोचली. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता; तो 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून निघाला.

या चळवळीचा पहिला अर्धा भाग इतिहासात नोंदला गेला आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उरलेला अर्धा भाग मात्र आपण एका शब्दात आटोपतो: ‘लाट ओसरली’. म्हणजे लोक पुन्हा पूर्वीसारखे खाऊ-पिऊ लागले. पण सगळेच काही परत आले नाही, आणि जे आले तेही एकाच वेळी आले नाही. काय परत घ्यायचे, कशाला पुन्हा हात लावायचा नाही, हा निर्णय घराघरांत घ्यावा लागला. या निबंधाचा विषय तो निर्णय आहे.

आजचे वैद्यकही असेच करते. पोटाचा किंवा त्वचेचा त्रास कशाने होतो हे कळत नसेल, तर संशयित पदार्थ काही आठवडे बंद करतात. मग एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून शरीर काय म्हणते ते पाहतात. या पद्धतीत पदार्थ सोडणे हा शेवट नसतो. खरे ज्ञान परत घेताना मिळते. डांग-खानदेशच्या गावांनी 1922 नंतर जे केले, त्याचे उत्तर मात्र एकट्या शरीराला देता येण्यासारखे नव्हते. देव, पितर, सावकार आणि सोयरे या सगळ्यांचे म्हणणे त्यात होते.

उत्तर एक निघाले नाही, आणि समाजात दोन तट पडले. बंधने पाळणारे ते ‘वरजेला’, सोडून देणारे ते ‘सरजेला’. सोयरीक जुळवताना, पंगतीला बसतानाही हा भेद आडवा येऊ लागला. जानेवारी 1923मध्ये शेखपूरला झालेल्या परिषदेला वल्लभभाई पटेल आणि कस्तुरबा आल्या आणि चळवळ गांधींच्या कार्यक्रमाशी जोडली गेली. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने वरजेला सुधारलेले आणि सरजेला घसरलेले होते. आपणही कळत-नकळत तीच फूटपट्टी वापरत आलो आहोत.

ती बाजूला ठेवून पाहिले तर वेगळे दिसते. अनेक ठिकाणी मांस-मासळीचे बंधन आधी सैल झाले. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. कोंबडी दारात वाढते, मासा-खेकडा ओढ्यात सापडतो, दोन्ही फुकट. ज्वारी-भगरीच्या भाकरीबरोबर तेवढेच पौष्टिक काही हवे असते, विशेषतः पावसाळ्यात, कणग्या रिकाम्या असताना. ते सोडल्याने कुणा दुकानदाराचा धंदा बसत नव्हता. बसत होते ते आपलेच पोट.

दारूचे गणित उलटे होते. मोहाची दारू पूर्वी घरोघरी गाळली जाई. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि दारू मक्तेदाराच्या दुकानात नेली. दक्षिण गुजरातेत ही दुकाने बहुतांशी पारशांची होती, आणि त्यांतले अनेक जण जमीनदार व सावकारही होते. त्यामुळे दारू सोडणे म्हणजे उधारी तोडणे होते. देवीच्या आज्ञेत दारू आणि पारशी एकत्र आले ते यामुळेच. कोंबडी परत ताटात घेणारा माणूस दुकानाची पायरी पुन्हा चढायला कचरला असेल, तर त्याला दुबळ्या निष्ठेचा म्हणता येणार नाही. त्याने आपला खरा रोग कोणता, हे ओळखले होते.

तरीही दारू पूर्णपणे वर्ज्य राहणे अवघड होते, कारण ती नुसते पेय नाही. पितरांना धार सोडायची ती तिचीच. सातपुड्यातल्या इंदल पूजेत, सागबाऱ्याजवळच्या देवमोगरा मातेच्या यात्रेत नैवेद्य मोहाचा आणि कोंबड्या-बकऱ्याचा असतो. माणसाने व्रत घेतले, पण देवाने घेतले नव्हते. मग देवापुढे थेंब आणि आपल्याला काही नाही, असे मधले मार्ग निघतात.

पुढेही ही निवड चालू राहिली. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1938च्या सुमारास आरतीला प्रचंड समुदाय जमवून व्यसनमुक्तीचा उपदेश केला. त्यांच्या अनुयायांत मांसही वर्ज्य झाले. भगत कुटुंबांची परंपरा त्यातून बळावली. 1972च्या दुष्काळाच्या सुमारास शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील बायकांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा मात्र ताटातल्या मांसाला कुणी हात लावला नाही. बायकांचा प्रश्न नेमका होता: मजुरी कुठे जाते आणि रात्री मार का बसतो? पन्नास वर्षांत ‘सगळे सोडा’ पासून ‘हे एक सोडा’ इथपर्यंतचा हा प्रवास आहे.

मोहाचे फूल या सगळ्यात मधेच अडकले. ते भाजून खातात, वाळवून साठवतात, टंचाईत त्यावर दिवस काढतात. कायद्याने मात्र त्याच्याकडे दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिले. 2021मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या संकलन-साठवणुकीवरील निर्बंध उठवले, आणि आता बचत गटांच्या बायका त्याचे लाडू करून विकतात. शासनालाही वर्ज्य केलेला एक पदार्थ परत घ्यायला एवढा काळ लागला.

म्हणून सरजेला या शब्दाकडे पुन्हा पाहायला हवे. जे सोडले ते कुणाच्या तरी हुकमाने सोडले असेल, पण परत काय घ्यायचे हे त्या माणसांनी स्वतः, आपल्या पोटाला, देवाला आणि कर्जाला विचारून ठरवले. सुधारणेचा इतिहास लिहिताना आपण ही निवड पराभवाच्या खात्यात टाकतो. ती निर्णयाच्या खात्यात टाकली, तर नंदुरबारच्या डोंगरातील माणूस आपल्याला उपदेश ऐकणारा म्हणून नव्हे, तर विचार करणारा म्हणून भेटेल.