पाय जाईल की जीव? : टूर्निकेटची साडेतीनशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना घसरलेली काही वाक्यं इथे नीट केली आहेत, बाकी सगळं तसंच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जण ताम्हिणीकडे गेलो होतो. एका मित्राचा पाय घसरला आणि कडेच्या गंजक्या पत्र्याने त्याची पोटरी उघडली. रक्त भळाभळा वाहायला लागलं. मी कमरेचा पट्टा काढला, तेवढ्यात दुसरा ओरडला, "बांधू नकोस, पाय कापावा लागेल!" मी म्हटलं, "नाही बांधला तर जीव जाईल!" आम्ही दोघं इंजिनिअर वाद घालत उभे, आणि तिसऱ्याने मुकाट्याने अंगातला टीशर्ट काढून जखमेवर गच्च दाबून धरला. नऊ टाक्यांवर निभावलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आम्हा दोघांनाही आपापलं उत्तर कुठेतरी शिकवलेलं होतं. मग बरोबर कोण?

शोधायला बसलो आणि थेट १६७४ सालात पोचलो. फ्रान्समधल्या बेझांसाँच्या वेढ्यात एतिएन मोरेल नावाच्या लष्करी शल्यवैद्याने जखमी सैनिकाच्या अवयवाभोवती पट्टी बांधली, तिच्यात काठी घातली आणि पीळ दिला. गाडीवरचा कडबा आवळताना दोरात काठी घालून पिळतात ना, तसंच. गोष्ट साधी वाटते, पण मेख त्या काठीतच आहे. रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी नळी, मांसात खोल असते आणि तिच्यात दाबही जास्त असतो. नुसत्या हाताने मारलेल्या गाठीने ती बंद होत नाही. उलट अर्धवट आवळलं तर वरवरच्या शिरा बंद होतात, रक्त परत जात नाही, पण येत मात्र राहतं. म्हणजे रक्तस्राव वाढतोच! पुढे १७१८ मध्ये झाँ-लुई पेती याने काठीऐवजी स्क्रू बसवला. फ्रेंचमध्ये फिरवणे म्हणजे 'तूर्ने', त्यावरून टूर्निकेट.

आता अमेरिकेत या. ६ एप्रिल १८६२, यादवी युद्धातली शायलोची लढाई. दक्षिणेकडचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याला उजव्या गुडघ्यामागे गोळी लागली. त्याने स्वतःच्या डॉक्टरला आधीच इतर जखमींकडे पाठवलं होतं, त्यात शत्रूचेही जखमी होते. बूट रक्ताने भरला आणि सेनापती गेला. त्याच्या खिशात टूर्निकेट होतं. साधन होतं, पण आजूबाजूला ते वापरणारं कुणी नव्हतं.

मग एवढं उपयोगी साधन बदनाम का झालं? पहिल्या महायुद्धात. खंदकातून जखमींना बाहेर काढायला तासन्‌तास लागायचे. पट्टा बांधलेला पाय साधारण दोन तास तग धरतो, त्यापुढे धोका वाढत जातो. इस्पितळात पोचेपर्यंत पाय मेलेला असायचा. सर्जनांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि प्रथमोपचाराच्या शिकवणीत 'अगदी शेवटचा उपाय' असा शिक्का बसला. माझ्या मित्राचं ते ओरडणं म्हणजे याच शिक्क्याचा प्रतिध्वनी.

इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. सर्व्हरपर्यंत जी रिक्वेस्ट पोचलीच नाही, तिची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये नसते. सर्जनच्या टेबलावर यायचा तो पट्टा बांधून आलेला, पाय गमावलेला माणूस. पट्टा न बांधल्यामुळे वाटेतच गेलेला माणूस त्या टेबलावर कधी आलाच नाही. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांचा लॉग अर्धा होता.

तो उरलेला अर्धा लॉग वाचायला व्हिएतनाम युद्ध उजाडावं लागलं. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रणांगणावर मेलेल्या सुमारे २६०० अमेरिकी सैनिकांच्या जखमा तपासल्या गेल्या. त्यातले १९३ जण, म्हणजे ७.४ टक्के, फक्त हातापायाच्या रक्तस्रावाने गेले होते. बाकी कुठली जीवघेणी जखमच नव्हती. तरीही शिकवण बदलायला आणखी पाव शतक गेलं. १९९६ मध्ये नौदलाचे डॉक्टर फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांनी नवी पद्धत मांडली: गोळीबार चालू असताना हातापायातून जोरात रक्त येत असेल, तर आधी टूर्निकेट. पुढे इराक-अफगाणिस्तानच्या काळात अमेरिकी सैनिकांना एका हाताने लावता येणारी टूर्निकेटं मिळू लागली.

मग २००६ पासून बगदादच्या इब्न सिना इस्पितळात सर्जन जॉन क्रॅग यांनी आकडे मांडले. २३२ रुग्ण, ४२८ टूर्निकेटं. शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा लागला त्यातले ९० टक्के वाचले, शॉकनंतर लागला त्यातले फक्त १० टक्के. आणि नुसत्या टूर्निकेटमुळे पाय गेला असा एकही नाही. चौघांच्या नसा काही काळ बधिर झाल्या, तेवढंच. साधन तेच, मोरेलच्या काठीचं नातवंड. फरक एवढाच, की आता जखमी माणूस लवकर इस्पितळात पोचत होता.

१५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. जागेवर २७ टूर्निकेटं बांधली गेली, सगळी जुगाडाची. त्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी म्हटलं की रस्त्यावरही नीट बनवलेलं साधन हवं. २०१५ मध्ये तिथे सामान्य लोकांना रक्त थांबवायला शिकवायची मोहीमच सुरू झाली.

तर ताम्हिणीत बरोबर कोण? तिसरा! बहुतेक जखमांना गच्च, न सोडता दिलेला दाब पुरतो, आणि त्याने तो पुरला. दाबूनही हातापायातून धो-धो रक्त येतच राहिलं, तर मात्र टूर्निकेट: जखमेच्या चार बोटं वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा, वेळ लिहून ठेवायची आणि वाटेत सैल करायचा नाही. माझा चामडी पट्टा कुचकामीच होता, काठी घालून पिळलाच गेला नसता. जांघेत, काखेत बांधता येत नाही, तिथे कापड कोंबून दाबायचं. आणि हो, साप चावला तर यातलं काहीच आवळायचं नाही, तो वेगळा विषय.

आपल्याकडे १०८ ला फोन लावला तरी गाडी येईपर्यंतची मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतात. 'पोलिसांचं लचांड मागे लागेल' ही भीती असेल, तर मदत करणाऱ्याला २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय.

माझ्या सॅकमध्ये आता एक टूर्निकेट असतं. त्या दिवशी ओरडलेल्या मित्राच्याही. तुम्हीही एखाद्या प्रथमोपचाराच्या वर्गात ते हातात घेऊन बघा, वाचून हात तयार होत नाही. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!