फुगा : प्रयोगशाळेतून मांडवात

समारंभाला फुग्यांची सजावट शोभते की तिने सारा थाट उथळ होतो, हा वाद फुग्याच्या वयाच्या मानाने बराच अलीकडचा आहे. कारण रबरी फुगा अवतरल्यानंतर पहिली शंभरएक वर्षे तो आधी प्रयोगाचे साधन आणि मग मुलांचे खेळणे म्हणूनच ओळखला जात होता. १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी हायड्रोजनवरील प्रयोगांसाठी वायू कोंडून ठेवणारी पिशवी म्हणून तो तयार केला. कच्च्या रबराचे दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवून कडा दाबल्या की त्या आपोआप सांधल्या जात, आणि आतले पृष्ठभाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पीठ चोळलेले असे. पुढच्याच वर्षी टॉमस हॅन्कॉक या रबर-उद्योजकाने रबराचा द्राव आणि पिचकारी असा संच विक्रीस काढला. फुगा मात्र गिऱ्हाइकाने घरीच करायचा होता. कच्चे रबर उष्णतेने लिबलिबीत आणि थंडीने कडक होते, त्यामुळे गंधकासह तापवून त्याला टिकाऊपणा आणण्याची क्रिया, म्हणजे व्हल्कनीकरण, १८४० च्या दशकात हाती आल्यावरच तो दुकानात ठेवण्याजोगा माल झाला.

स्वस्ताई आली ती रबराच्या झाडाचा चीक थेट वापरता येऊ लागल्यावर. १९३१ मध्ये अमेरिकेत नील टिलॉट्सन यांनी मांजराच्या डोक्याच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो चिकात बुडवला, वर साचलेला पापुद्रा वाळवून काढला आणि असे फुगे मॅसॅच्युसेट्समधील एका वार्षिक मिरवणुकीत विकले. या मालाचा धंदा वरकरणी क्षुल्लक वाटला तरी त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण टायरसाठी प्रसिद्ध असलेल्या एमआरएफचा आरंभ १९४६ मध्ये मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथील एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनवूनच झाला.

खेळण्याची सजावट झाली ती संख्येमुळे. एकटा फुगा मुलाच्या हातात असतो तेव्हा त्याच्या अभिरुचीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. शेकडो फुगे ओवून त्यांचे खांब आणि कमानी उभारल्या, की तो वास्तुरचनेचा आव आणू लागतो आणि मग त्याला वास्तुरचनेचेच निकष लागतात. ट्रेब हायनिंग यांच्यासारख्या अमेरिकी सजावटकारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा स्वतंत्र व्यवसाय केला, आणि संख्येचा हव्यास कोठवर जातो हे १९८६ च्या सप्टेंबरात क्लीव्हलंड शहरात दिसले. तेथे एका सेवाभावी संस्थेच्या निधीसाठी चौदा लाखांहून अधिक फुगे एकदम सोडण्यात आले. हेलियम या हवेपेक्षा हलक्या वायूने ते वर गेले खरे, पण पावसाळी वाऱ्याने खाली दाबले जाऊन ते रस्त्यांवर आणि ईरी सरोवरावर पसरले, सरोवराकाठच्या विमानतळाची धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली आणि बेपत्ता झालेल्या दोघा मच्छीमारांच्या शोधातही त्यांचा अडथळा झाला. ते दोघे पुढे मृतावस्थेत सापडले.

उच्चभ्रू अभिरुचीने मात्र हाच आकार वेगळ्या द्रव्यात डोक्यावर घेतला. जेफ कून्स यांचे फुग्याच्या कुत्र्याचे नारिंगी शिल्प, जे आरशासारख्या चकचकीत पोलादाचे आहे, २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी ८४ लाख डॉलरना विकले गेले. म्हणजे आक्षेप आकाराला नसून रबराच्या स्वस्ताईला आणि दुसऱ्या दिवशी सुरकुतणाऱ्या त्याच्या अंगाला असावा, असे मानायला जागा आहे. अर्थात झेंडूही सुकतोच. महाराष्ट्रात फुगा जत्रेतल्या फुगेवाल्याकडून, बंदुकीने नेम धरण्याच्या फळीवरून आणि पुढे केकच्या वाढदिवसाबरोबर घरात आला, पण जुन्या सजावटीची जागा त्याने सर्वस्वी घेतली नाही: एकाच कार्यात दाराला झेंडूचे व आंब्याच्या पानांचे तोरण आणि आत केकच्या टेबलामागे फुग्यांची कमान, अशी वाटणी अनेक घरांत रूढ झाली आहे.