रात्र किती वाजता सुरू होते?

डिसेंबरातली संध्याकाळ. साडेसहा वाजलेत, बाहेर अंधार, आणि कुणीतरी बंद घराचं कुलूप तोडून आत शिरतं. ही घरफोडी दिवसाची की रात्रीची? प्रश्न पोरकट वाटेल, पण इंग्लंडात एके काळी त्याच्या उत्तरावर आरोपीचा जीव टांगणीला लागू शकत होता.

तिथल्या जुन्या कायद्यात ‘बर्गलरी’ रात्रीच घडू शकत असे, आणि तिला फाशीची शिक्षा होती. मग रात्र कशाला म्हणायचं? विल्यम ब्लॅकस्टोननं १७६९ साली नोंदवलेली कसोटी अशी: समोरच्याचा चेहरा ओळखू येईल एवढा सूर्याचा उजेड उरला असेल, तर दिवस. चांदणं धरायचं नाही, नाहीतर पौर्णिमेच्या मध्यरात्री घर फोडणारा सुटायचा! त्याच्या मते गुन्हा गंभीर होतो तो नुसत्या अंधारामुळे नव्हे, तर झोपलेला माणूस आपलं घर राखू शकत नाही म्हणून.

मला ही कसोटी आवडते. घड्याळ नसलेल्या साक्षीदारालाही ती लावता येते. पण लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये नऊनंतर. त्यामुळे संध्याकाळी सहाचं तेच कृत्य हिवाळ्यात बर्गलरी ठरायचं, उन्हाळ्यात नाही.

१८३७ साली पार्लमेंटनं हा घोळ मिटवला: रात्र म्हणजे नऊ ते सकाळी सहा, बारा महिने. आमच्या भाषेत, व्हेरिएबल काढून कॉन्स्टंट टाकला. त्याच कायद्यानं हिंसा न झालेल्या बर्गलरीची फाशीही काढली, हे चांगलंच झालं. पण आता डिसेंबरातली सहाची काळीकुट्ट वेळ कागदावर ‘दिवस’ झाली. रात्रीची अटच गेली ती थेट १९६८च्या कायद्यानं.

गंमत म्हणजे त्याच १८३७मध्ये मेकॉलेच्या आयोगानं भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. १८६०मध्ये संहिता मंजूर झाली, तेव्हा तिच्यात रात्र होती सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. बातम्यांत सतत दिसायचं ते कलम ४५७ म्हणजे रात्रीचं. चोरीसाठी घर फोडलं तर १४ वर्षांपर्यंत कैद. दिवसाचं ४५४, त्यात १० वर्षांपर्यंत. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आलं, तरी सूर्यास्त आणि हे आकडे तेच आहेत. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. म्हणजे साडेसहाच्या घरफोडीचं कलम आजही महिन्यावर ठरतं.

आमच्या सोसायटीत मात्र अजून १८३७चं इंग्लंड चालू आहे. जिन्यातले दिवे टायमरवर, वर्षभर सात वाजता लागतात. रात्रपाळीचा वॉचमन आठला येतो. थंडीत सहा ते सात हा अख्खा तास काळोखाचा; अर्धी घरं ऑफिसातून परतलेली नसतात आणि तळमजल्यावरच्या आजी एकट्या असतात. उजेड कमी झाला की आपोआप दिवे लावणारा सेन्सर बसवा, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. खर्चावर चर्चा चालू आहे.

तोवर घरातला स्मार्ट बल्ब मी ॲपमध्ये ‘सूर्यास्त’वर लावून टाकलाय. तोही हॉलमधला. बाल्कनीतला दिवा भर दुपारीही जळत राहिला, की घरात कुणी नाही हे रस्त्यावरूनच कळतं.