१३५० म्हणजे नेमकं कोणतं साल?

मागच्या उन्हाळ्यात अजिंठ्यातले शेजारी एक जुना उर्दू कागद घेऊन आले. "सर, एवढं वाचून द्या." कागद त्यांच्या आजोबांच्या जमिनीचा, साल १३५०. आधी कुणीतरी ते हिजरी धरून '१९३१' असं लिहून दिलं होतं. त्या हिशोबाने खातेदार आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे ठरत होते. अर्ज परत आला होता.

सालापुढे बारीकसं 'फे' होतं. म्हणजे फसली. हिजरी असतं तर 'हे' असतं.

लिपी उर्दू म्हणून साल हिजरी, ही आपलीच चूक. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. शेतसारा मात्र पिकावर, पीक सूर्यावर. म्हणून अकबराच्या काळात फसली सन आला, शहाजहानच्या काळात तो दख्खनमध्ये रुजला. तेव्हा दोन्हींचे आकडे जुळत होते. पुढे दर ३३ वर्षांना हिजरी एक वर्ष पुढे गेला. निजामाच्या राज्यात हे अंतर नऊ वर्षांवर पोचलं. तिथल्या फसली वर्षाचे महिनेही इराणी होते: आजुर, दै, बहमन.

मराठ्यांच्या मोडी कागदांत तिसरंच, सुहूर सन. पानिपतचं साल त्यात 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. मराठी दफ्तरात अरबी आकडे! ही आपली सामायिक मिळकत.

आता १३५० पाहा. हिजरी धरलं तर १९३१-३२, फसली धरलं तर १९४०-४१, सुहूर धरलं तर १९४९-५०.

२०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद तपासले. असे कागद आता संगणकात चाललेत. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषी असतो. त्याला नुसतं १३५० दिलं, तर ते कोणत्या सनाचं आहे हे त्याला कळत नाही. आणि तारखेच्या रकान्यात दिवस-महिना लागतोच, म्हणून कुणीतरी १ जानेवारी ठोकून देतं. कागदावर नसलेली तारीख अशी जन्माला येते.

उपाय साधा आहे. मूळ साल जसंच्या तसं लिहा, शेजारी सनाचं नाव लिहा, आणि इसवी तारीख वेगळ्या रकान्यात 'ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१' अशी मुदतीने द्या.

शेजाऱ्यांना मी तेवढंच लिहून दिलं. आजोबा एकोणीस वर्षांचे झाले.

घरातल्या पेटीत असा कागद असेल, तर आधी सालापुढचं ते बारीक अक्षर बघा.