बुद्ध, परीकथा आणि रोहिणीचं पाणी

आज जरा लांबून सुरुवात करतो, थेट चीनमधून. फे वाँग ही बीजिंगमध्ये जन्मलेली आणि हाँगकाँगमध्ये नावारूपाला आलेली पॉप गायिका. २००० साली तिचा एक अल्बम आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘बोधकथा’. पहिल्या पाच गाण्यांना चाली तिच्या स्वतःच्या, शब्द लिन शी या गीतकाराचे, आणि ही पाचही गाणी एका माळेत ओवलेली. त्यातल्या एकाचं नाव चिनीत वाचलं तर ‘आ-शिउ-लुओ’. अनोळखी वाटतं ना? तो आपला ‘असुर’ आहे, बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर तिकडे गेलेला. पाचव्या गाण्याचं नाव ‘पैलतीराचं फूल’. बौद्ध भाषेत पैलतीर म्हणजे निर्वाण. बौद्ध कल्पना आणि परीकथेतलं स्वप्नाळू जग, दोन्ही एकाच धाग्यात.

हे ऐकताना मला राहून राहून आपल्या बुद्धगीतांची आठवण होत होती. आमच्या वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत (जिथे आता उच्च न्यायालयाची नवी इमारत व्हायची आहे) बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला सकाळपासून कर्ण्यावर कॅसेटी लागायच्या. त्या गाण्यांत बुद्ध असायचा, पण असुर, अप्सरा, बोलणारी हरणं जवळपास नसायचीच. का बरं?

सामग्री नव्हती असं नाही. पाली जातकात ५४७ कथा आहेत. धर्मानंद कोसंबींनी ‘बुद्धलीलासारसंग्रह’ १९१४ सालीच मराठीत दिला होता, त्यात बोधिसत्त्वाच्या गोष्टी आहेत. हाताशी एवढा खजिना असून गाणाऱ्यांनी तो फारसा उघडला नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण एका पुस्तकात आहे.

बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हे मूळ इंग्रजी पुस्तक त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या प्रस्तावनेतला पहिलाच प्रश्न बघा. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं म्हणून घर सोडलं, असं आपण सगळे शाळेत शिकलो. बाबासाहेब विचारतात, घर सोडलं तेव्हा तो २९ वर्षांचा होता, मग तोवर त्याला म्हातारा माणूस कधीच दिसला नव्हता? वकिलाची उलटतपासणीच ही! मग ते दुसरं कारण पुढे ठेवतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्याची किंमत म्हणून त्याने देशत्याग पत्करला.

रोहिणीचं भांडण बाबासाहेबांनी मनाने रचलेलं नाही. ते कुणाल जातकात आहे. पण तिथे ते बुद्ध झाल्यानंतरचं आहे, आणि बुद्ध नदीवर अधांतरी मांडी घालून बसतात. बाबासाहेबांनी तो प्रसंग उचलून आयुष्याच्या सुरुवातीला आणला आणि बुद्धांना जमिनीवर उतरवलं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेला माणूस हे लिहितोय, हे लक्षात ठेवून ती पानं वाचा. पाण्यावरून घर सोडावं लागणं त्याला परीकथा वाटणं शक्यच नव्हतं.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या २२ प्रतिज्ञांत ‘बुद्ध हा विष्णूचा अवतार’ हे मानायला स्पष्ट नकार आहे. आता गाणाऱ्याची अडचण समजून घ्या. त्याच्याकडे चाली होत्या त्या भजनाच्या, पोवाड्याच्या, कव्वालीच्या, पाळण्याच्या. या साच्यांत शतकानुशतकं देव आणि चमत्कार बसवलेले. साचा ठेवायचा आणि आतला देव काढायचा!

याची तालीम आधी झाली होती. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशातला गण ठेवला आणि त्यातून गणपती वगळला. पुढे वामनदादा कर्डक आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला, आणि मग हजारो गाणी लिहीत गावोगाव फिरला. त्यांच्या गाण्यांत बुद्ध आणि भीम एकाच ओळीत बसतात, भाकरीच्या नि हक्काच्या गोष्टी करतात.

प्रल्हाद शिंद्यांची गोष्ट जरा वेगळी. पंढरीची भक्तिगीतं आणि भीमगीतं, दोन्ही त्याच पहाडी आवाजात. काहींना ते खटकायचं. प्रतिज्ञा घेतल्यावर विठ्ठल कसा गायचा? मला विचाराल तर पोटासाठी गाणाऱ्याला असा प्रश्न विचारणं हा घरबसल्यांचा उद्योग आहे. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ सालीच गेले.

पण परीकथा पूर्णपणे गेली का? नाही. बुद्धजन्माचे पाळणे ऐका, तिथे मायादेवीला स्वप्न पडतंच. गंमत म्हणजे खुद्द बाबासाहेबांनीही स्वप्न ठेवलं आहे. त्यांच्या पुस्तकात लोकपाल महामायेला झोपेतच उचलून हिमालयात नेतात, त्यांच्या बायका तिला मानस सरोवरावर न्हाऊ घालतात, आणि सुमेध नावाचा बोधिसत्त्व येऊन विचारतो, माझी आई होशील का? ती आनंदाने हो म्हणते. पांढरा हत्ती मात्र इथे नाही. प्रस्तावनेत एवढी कडक उलटतपासणी करणाऱ्या लेखकाने आईच्या वाटचं स्वप्न का राहू दिलं असेल? आपली आई पाचव्या-सहाव्या वर्षी गमावलेला मुलगा होता तो. हा माझा अंदाज, पुरावा म्हणून घेऊ नका.

फे वाँगला असुर मोकळेपणाने गाता आला, कारण तिच्या श्रोत्यांना कुणी असुर म्हणून विहिरीपासून हाकललं नव्हतं. आमच्या वसाहतीतला कर्णा वाजायचा तो ज्यांच्या आजोबांना हाकललं होतं त्यांच्यासाठी. त्यांना बुद्ध हवा होता तो आपल्यासारखा हाडामांसाचा, संघाच्या सभेत उभा राहून ‘युद्ध नको’ म्हणणारा.

पुढच्या भागात कर्डकांचा जलसा जरा सविस्तर घेऊ. जय भीम, नमस्कार.