आज्जीची तिरपी रेघ आणि नातीचं दशांश चिन्ह



मागच्या महिन्यात पुण्याहून मुलगी आणि नात आल्या होत्या. नात पाचवीत आहे. एका संध्याकाळी वही घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी उभी राहून रडायलाच लागली. गणित होतं १२.५ + ३.७५. तिनं उजवीकडून आकड्याखाली आकडा नीट मांडून बेरीज केली होती, उत्तर आलं होतं ५.००. बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती. "आजी, मला गणित येतच नाही, मी ढ आहे," असं ती म्हणाली.

खरं सांगते, तिची बेरीज चुकलेली नव्हतीच. १२५ आणि ३७५ मिळून ५०० होतात, हातचेसुद्धा बरोबर घेतले होते. चुकली होती ती मांडणी. पण "मी ढ आहे" हे शब्द ऐकले आणि माझ्या पोटात कालवाकालव झाली. कारण आमच्या घरात हे वाक्य एका बाईनं पूर्वी एकदा स्वतःबद्दल म्हटलं होतं, आणि त्यात माझाही हात होता.

ती माझी आज्जी. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी आज्जाचं किराणा दुकान होतं. आज्जी शाळेत गेली नव्हती, पण माहेरीही दुकान असल्यानं वडिलांच्या मांडीवर बसून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे शिकली होती. आजच्या मुलींना हे शब्द माहीत नसतील. जसा दोनचा, तीनचा पाढा, तसा पावाचा, अर्ध्याचा, पाऊणचा, सव्वाचा पाढा. औट म्हणजे साडेतीन. साखर तेरा आणे शेर आणि गिऱ्हाइकाला हवी साडेतीन शेर. आज्जी मनात म्हणायची, "तेरा औटे साडेपंचेचाळीस." साडेपंचेचाळीस आणे म्हणजे दोन रुपये, तेरा आणे, दोन पैसे. तराजूचं पारडं स्थिर व्हायच्या आत हिशोब तोंडावर. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. वजनात शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, नवटाक. सगळं अर्ध्याअर्ध्यानं, पावापावानं चालायचं.

हिशोब लिहायची रीतही निराळी होती. रुपये आकड्यांत लिहायचे. पुढे प्रत्येक पावलीसाठी, म्हणजे चार आण्यांसाठी, एक उभी रेघ. त्यापुढे प्रत्येक सुट्या आण्यासाठी एक तिरपी रेघ. पाच रुपये चौदा आणे म्हणजे पाचाचा आकडा, तीन उभ्या रेघा, दोन तिरप्या. बेरीज करताना चार तिरप्या झाल्या की एक उभी व्हायची आणि चार उभ्या झाल्या की एक रुपया. आजच्या मुलांना हातचा दहाला घ्यावा लागतो, आज्जी तो चाराला घ्यायची. यातली मला आता समजलेली गंमत अशी, की या लिखाणात कुणी तिरपी रेघ उभ्या रेघेत मिळवूच शकत नाही, कारण प्रत्येक रेघ आपलं मोल आपल्या रूपातच सांगते. नातीच्या वहीतला ५ मात्र कुठेही ५ सारखाच दिसतो. तो पाच आहे, पाच दशांश आहे की पाच शतांश, हे फक्त जागेवरून ओळखायचं. लहान मूल इथे फसलं तर नवल काय?

मग आलं १९५७ साल. नाण्यांचा कायदा १९५५ मध्येच बदलला होता, अंमल १ एप्रिल १९५७ पासून झाला. रुपया तोच राहिला, पण त्याचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा नको म्हणून त्याला 'नया पैसा' म्हणायचं ठरलं, आणि १९६४ मध्ये ते 'नया' गळालं. (इंग्रजांनी स्वतःच्या पौंडाचे शंभर भाग केले ते १९७१ मध्ये. या बाबतीत आपण त्यांच्या चौदा वर्षं पुढे होतो!) पाठोपाठ १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले आणि शेर-मण मागे पडले.

जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकत्रच चालत होती. खरी अडचण तिथे होती. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथपर्यंत सोपं. पण एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात आणि सव्वा पैशाचं नाणं तर नाही. म्हणून सरकारी कोष्टक निघालं. अर्धा किंवा त्याहून कमी भाग सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरायचा. एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, पाच आणे एकतीस, सात आणे चव्वेचाळीस. आई सांगायची की ते कोष्टक आज्जानं दुकानाच्या खांबाला खिळ्यानं ठोकलं होतं.

पण कोष्टक म्हणजे न्याय नव्हे, हे आज्जीनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. एका आण्याची वस्तू सोळा वेळा विकली तर गल्ल्यात सोळा सक शहाण्णव पैसे येणार, चार पैशांची तूट. उलट तीन आण्यांच्या वस्तूला गिऱ्हाइकाकडून पावणेएकोणीसऐवजी एकोणीस घेतले तर त्याचं पाव पैशाचं नुकसान. पाव पैसा कोण बघतो, असं आपण म्हणू. पण आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' स्पष्ट सांगितलं आहे, म्हणजे देताना कमी मापायचं आणि घेताना जास्त. आज्जा तीन आण्यांचा माल देताना पुडीत वर चिमूटभर टाकायचे ते याचसाठी. आण्याची तूट ते सोसायचे आणि एकोणिसातला पाव पैसा चिमटीनं परत करायचे. माझं वाणिज्य शाखेचं शिक्षण सांगतं की हा धंदा नव्हे. तरी दुकान चाललं.

आज्जीचं मात्र बिनसलं. तिची औटकी आता कुणाला नको होती. शंभराच्या हिशोबात तिला प्रत्येक रक्कम आधी आण्यांत आणावी लागे, मग बेरीज, मग पुन्हा पैशांत. पूर्वी तराजूआधी उत्तर देणारी बाई खांबावरच्या कोष्टकाकडे बघायला लागली, आणि ते वाचता येत नसल्यानं मुलांना विचारायला लागली. मी त्यानंतरची, साठच्या आसपासची. तिसरी-चौथीत असताना तिनं मला विचारलं, "सदतीस पैसे म्हणजे सहा आणेच न्हवं?" मी भावंडांसमोर हसले आणि म्हणाले, "आज्जीला साधे पैसेपण येत नाहीत." ती म्हणाली, "व्हय बाई, मी अडाणीच." त्यानंतर ती दुकानात बसलेली मला आठवत नाही. तिच्या डोक्यात पावाच्या पाढ्यांचं अख्खं भांडार होतं, त्यातला एकही पाढा मी लिहून घेतला नाही.

नातीकडे वळते. तिला समजवायचं कसं, म्हणून मी जरा वाचन केलं आणि मला दोन माणसं भेटली.

पहिले आपले महावीराचार्य. इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह छापला, म्हणजे आपल्या अगदी शेजारचा ग्रंथ. त्यात कलासवर्ण नावाचा अख्खा भाग अपूर्णांकांचा आहे. उदाहरणं जिनपूजेला वाहिलेल्या फुलांची, तुटलेल्या हारातल्या मोत्यांची. दशांश चिन्ह त्यांच्याकडे नव्हतं, अंश वर आणि छेद खाली असे साधे अपूर्णांक होते. पण वेगळ्या छेदांची बेरीज करायला आधी छेद सारखे करा, आणि त्यासाठी सर्वांत लहान सामाईक संख्या शोधा, ही रीत त्यांनी दिली. त्या संख्येला त्यांनी निरुद्ध म्हटलं. आपण लसावि म्हणतो तोच. (याच आचार्यांनी शून्यानं भागलं तर संख्या तशीच राहते असंही लिहिलं, ते चूक आहे. नातीला मी हे मुद्दाम सांगितलं. तिला फार बरं वाटलं.)

दुसरा माणूस बेल्जियमकडचा, ब्रूजचा सायमन स्टेव्हिन. तरुणपणी अँटवर्पला हिशोबनीस होता, म्हणून मला तो एकदम आपल्यातला वाटला. १५८५ मध्ये त्यानं डच भाषेत एक छोटी पुस्तिका काढली, नाव 'द थिंडे', म्हणजे दशांश. त्याच्या कितीतरी आधी दमास्कसच्या अल-उक्लिदिसीनं आणि समरकंदच्या अल-काशीनं दशांश वापरले होते, पण युरोपातल्या व्यवहारी माणसाला ते शिकवले स्टेव्हिननं. पुस्तिका त्यानं विद्वानांपुरती ठेवली नाही. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपं मापणारे, टांकसाळवाले आणि व्यापारी यांच्यासाठी लिहिली. नाणी आणि वजनं दहाच्या पटीत करावीत असंही त्यानं त्यात सुचवलं. आमच्या दुकानापर्यंत ते पोचायला पावणेचारशे वर्षं लागली.

स्टेव्हिन बिंदू लिहीत नव्हता. तो प्रत्येक अंकाशी एक छोटं वर्तुळ काढायचा. पूर्ण संख्येला वर्तुळात शून्य, दशांशाला वर्तुळात एक, शतांशाला दोन, सहस्रांशाला तीन. बेरजेचं त्याचं उदाहरण आपल्या पद्धतीनं २७.८४७, ३७.६७५ आणि ८७५.७८२, उत्तर ९४१.३०४. करून बघा, बरोबर येतं. आणि पुढे तो सांगतो की एखाद्या संख्येत मधली एखादी जागा रिकामी असेल तर तिथे शून्य भरा, मग मिळवा. वाचता वाचता मी चष्मा काढून ठेवला. नातीचीच चूक, फक्त तिची रिकामी जागा शेवटी होती. चारशे वर्षांपूर्वीच्या पिंपं मापणाऱ्यालाही ते सांगावं लागत होतं.

आणि ती वर्तुळं म्हणजे तरी काय? आज्जीच्या उभ्या-तिरप्या रेघाच की! जागा कोणती, हे अंकाशेजारीच लिहिलेलं. पुढे वर्तुळं गेली, एक ठिपका उरला, आणि बाकी सगळं लक्षात ठेवायचं काम मुलांवर आलं.

दुसऱ्या दिवशी मी नातीला स्वयंपाकघरातच बसवलं. पूर्वी पैशांवरून हे सहज शिकवता यायचं, पण तिनं पंचवीस पैसे पाहिलेलेच नाहीत, २०११ मध्ये ते नाणं बंद झालं. म्हणून स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा काढला. त्याच्यावर अर्धा किलो तांदूळ ठेवले की ०.५०० दिसतं, पाऊण किलोला ०.७५०. काटा कधी शून्य गाळत नाही. मग वहीत स्तंभांच्या डोक्यावर तिच्याकडून वर्तुळं काढून घेतली, शून्य, एक, दोन. १२.५ मधल्या पाचाला एकच्या वर्तुळाखाली बसवलं. दोनचं वर्तुळ रिकामं राहिलं. "इथे काय?" मी विचारलं. "काहीच नाही." "मग काहीच नाही ते लिही." तिनं शून्य लिहिलं. १२.५० आणि ३.७५ मिळून १६.२५. पाच दशांश म्हणजे पन्नास शतांश, महावीराचार्यांचा निरुद्ध इथे आपोआप शंभर झाला, हे तिला नंतर कधीतरी सांगेन.

मी तिला माझीही फजिती सांगितली. लग्नानंतर एका महिला मंडळाचे हिशोब माझ्याकडे होते. मी १२.०५ ची नोंद १२.५ अशी केली आणि पंचेचाळीस पैशांच्या फरकासाठी दोन रात्री जागले. फरकाला नऊनं भाग गेला की अंकांची जागा हललेली असू शकते, हे बी.कॉम.ला शिकलेलं मला तिसऱ्या दिवशी आठवलं.

वजाबाकीला तिचं ५ − २.३५ = ३.३५ येत होतं. इथे मला आज्जीची मोड द्यायची रीत आठवली. ती वजा करायचीच नाही, घेतलेल्यापासून दिलेल्यापर्यंत चढत जायची. दोन पस्तीसपासून दोन चाळीस, तिथून तीन, तिथून पाच. पाच पैसे, साठ पैसे, दोन रुपये. झाले दोन पासष्ट. मग मांडून ५.०० मधून २.३५ काढले, दशक सुटे करून. तेच आलं.

पडताळा म्हणून पाच किलो गूळ काट्यावर ठेवला आणि त्यातला २.३५० काढून डब्यात भरला. उरलेला किती, हे तिनं आधी वहीत लिहिलं, २.६५०. मग काट्यावर ठेवला. काटा म्हणाला २.६४०.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी पुन्हा वही तपासली, काटा शून्यावर आणला, परत ठेवला. तेच. दहा ग्रॅम गेले कुठे, असं विचारायला वर बघितलं तर बाईसाहेबांचा एक गाल फुगलेला होता.